गवयाचा चेहरा

स्टुडिओ आणि उत्स्फूर्तता हे दोन शब्द एका वाक्यात आले की कानाला खटकतात. स्टुडिओ म्हटला की तयारी आली; दिवे आले, पडदा आला, 'हनुवटी जरा वर' असे सांगणारा माणूस आला. उत्स्फूर्तता म्हणजे तर जे सांगून होत नाही ते. मग स्टुडिओतले उत्स्फूर्त छायाचित्र ही वेळ ठरवून दिलेल्या शिंकेसारखीच गोष्ट नव्हे काय? असे असूनही, विसाव्या शतकातील थोर संगीतकारांची जी छायाचित्रे लोकांच्या मनात घर करून राहिली त्यांतील कितीतरी चार भिंतींच्या आत, पूर्ण तयारीनिशी काढलेली आहेत. ती पाहताना मात्र हटकून वाटते की हा माणूस त्या क्षणी केवळ स्वतःपाशी होता. ह्या वाटण्यात तथ्य किती आणि छायाचित्रकाराचे कसब किती, हे तपासून पाहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हा प्रश्न उद्भवत नव्हता. काचेवर चित्र उमटायला वेळ लागे. तेवढा वेळ माणसाने हलायचे नाही हा नियम होता, आणि त्या नियमातून एक संपूर्ण शिष्टाचार जन्माला आला. बालगंधर्वांची स्त्रीवेषातील छायाचित्रे पाहावी. तो पदर, ती मान, ती नजर, सारे योजलेले आहे आणि योजलेले आहे हे लपवण्याचा कोणी प्रयत्नही केलेला नाही. त्यांत गायक नाही, भूमिका आहे. जे दाखवायचे ते दाखवले, जे झाकायचे ते झाकले. हा व्यवहार चोख होता. पुढे कॅमेरे हलके झाले, फिल्म जलद झाली, सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र मिळू लागले. आणि तेव्हापासून लोकांना भूमिका नकोशी होऊन तिच्यामागचा माणूस हवासा वाटू लागला. छायाचित्रकारापुढे नवे कोडे पडले. माणूस तर स्टुडिओत सावध होऊनच येतो. त्याला असावध कसे करायचे?

पहिला मार्ग सरळ फसवणुकीचा. १९४१ च्या डिसेंबरात ओटावा येथे युसुफ कार्श ह्यांनी चर्चिलच्या तोंडातला सिगार चटकन काढून घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर जो संताप उमटला तो टिपला. जगाने त्याला ब्रिटनचा निर्धार म्हटले. १९५७ साली रिचर्ड ॲव्हेडन ह्यांनी विंडसरच्या ड्यूक-डचेसना, आपल्या टॅक्सीखाली येताना एक कुत्रा मेला, अशी थाप मारली; त्या श्वानप्रेमी जोडप्याचे चेहरे उतरले आणि बटण दाबले गेले. दुसरा मार्ग खेळाचा. फिलिप हाल्समन आपल्यासमोर आलेल्या बड्या मंडळींना उड्या मारायला लावीत असे. उडी मारताना माणसाचे सारे लक्ष उडीकडे लागते आणि चेहऱ्यावरचा मुखवटा गळून पडतो, असे त्याचे म्हणणे होते. १९५९ साली त्याने ह्या उड्यांचे एक पुस्तकच काढले.

ह्या दोन्ही मार्गांनी मिळणारा क्षण खरा असतो, ह्यात शंका नाही. चर्चिल खरोखरच रागावला होता. परंतु तो कशामुळे रागावला होता? सिगार गेल्यामुळे. चित्र मात्र आपल्याला महायुद्धाची गोष्ट सांगते. म्हणजे भाव खरा आणि अर्थ उसना, असा हा प्रकार झाला. कादंबरी लिहिणाऱ्याला हा मोह चांगला परिचयाचा आहे. पात्राला चिमटा काढला की ते ओरडते. पण ते ओरडणे त्याच्या स्वभावातून आले की लेखकाच्या चिमट्यातून, हा प्रश्न उरतोच. राजकारणी माणसाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. गवयाच्या बाबतीत चालत नाही. कारण ज्यासाठी त्याचा चेहरा पाहायचा ते त्याचे गाणे, आणि चिमट्याचा गाण्याशी काही संबंध नसतो.

ह्याच्या अगदी उलट टोकाला आर्नोल्ड न्यूमन ह्यांनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये काढलेले इगोर स्ट्राव्हिन्स्कीचे छायाचित्र आहे. त्यात उत्स्फूर्त असे काहीच नाही. स्टुडिओही नव्हे, दुसऱ्या कुणाच्या घरातला मोठा पियानो आणि मागची कोरी भिंत. पियानोचे काळेभोर झाकण उघडून उभे केलेले आहे आणि ते चित्राचा बहुतेक भाग व्यापून बसले आहे. डाव्या कोपऱ्यात, खाली, हातावर डोके टेकलेला संगीतकार. त्याचे आपल्याला एवढेसेच दर्शन घडते. ते झाकण पाश्चात्त्य स्वरलिपीतील कोमल स्वराच्या खुणेसारखे दिसते. न्यूमनला नेमके तेच साम्य हवे होते, आणि त्या आकाराचा कठोर, रेखीव डौल त्याला स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीताशी जुळणारा वाटला होता. पुढे त्याने चित्राच्या कडा निष्ठुरपणे छाटल्या. ज्या मासिकाने ते काढून घेतले होते त्याने ते छापले नाही. आज ते न्यूमनच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे.

दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, तोच संगीतकार अर्व्हिंग पेनच्या स्टुडिओत आला. पेनने दोन उभे फलक एकमेकांना असे भिडवून ठेवले होते की त्यांच्यामधे एक चिंचोळा कोपरा तयार व्हावा. खाली जुना गालिचा; बाकी काही नाही. येणाऱ्याने त्या कोपऱ्यात जायचे आणि हवे तसे उभे राहायचे किंवा बसायचे. ड्यूक एलिंग्टनही त्या वर्षी ह्याच कोपऱ्यात उभा राहून गेला. कोणी भिंतीला रेलला, कोणी अंग चोरले, कोणी दोन्ही फलक रेटल्यासारखा पसरला. स्ट्राव्हिन्स्कीने कानामागे हात धरला, जणू फलकापलीकडून काही ऐकू येते आहे.

न्यूमनने संगीताला आकार दिला आणि संगीतकाराला त्याच्या कडेला बसवले. पेनने जागा दिली आणि त्या जागेचे काय करायचे हे त्या माणसावर सोपवले. आपल्याकडच्या रसिकाला हा दुसरा प्रकार चटकन उमगावा. कारण तो आपल्या ख्यालगायनाच्या अगदी जवळचा आहे. रागाचे वर्ज्यावर्ज्य स्वर ठरलेले, ताल ठरलेला, बंदिश ठरलेली. एवढ्या चिंचोळ्या कोपऱ्यात गवई उभा राहतो आणि मग जे करतो त्याला आपण उपज म्हणतो. बंधन नसते तर उपज कळलीच नसती. तेव्हा स्टुडिओ आणि उत्स्फूर्तता ह्यांचा विरोध आरंभी वाटला तितका खरा नाही. तयारी हा उत्स्फूर्ततेचा शत्रू असता तर मैफलीपूर्वी कोणी तानपुरे जुळवले नसते.

तरीही पेनच्या कोपऱ्यातला स्ट्राव्हिन्स्की संगीत करीत नाही; संगीतकार असल्याची एक मिस्कील खूण करतो. प्रत्यक्ष गाणाऱ्या माणसाचे काय? ह्या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर मला ॲव्हेडनच्याच एका छायाचित्रात सापडते. विंडसर दांपत्याला थाप मारणारा हाच तो ॲव्हेडन. पण येथे त्याने वेगळी वाट धरली आहे. ३० जून १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने मेरियन अँडरसन ह्या गायिकेचे चित्र काढले. मागे काहीही नाही. चौकटीत केवळ मस्तक. डोळे मिटलेले, ओठांचा गोल झालेला, केस मोकळे आणि एका बाजूस उडालेले. बाई गात आहेत.

हे चित्र समजून घ्यायचे तर त्याआधीची अँडरसनबाईंची चित्रे आठवली पाहिजेत. १९३९ साली त्यांच्या वर्णामुळे वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलचे दार त्यांना बंद झाले, आणि ९ एप्रिलला लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून त्या सुमारे ७५ हजार श्रोत्यांपुढे गायल्या. त्या प्रसंगाची छायाचित्रे जगभर गेली. अंगावर जाड कोट, समोर ध्वनिक्षेपकांची रांग, मागे लिंकनचा पुतळा. आणि बाईही पुतळ्यासारख्याच ताठ, धीरगंभीर. तशा असण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. ज्या समाजाची प्रत्येक हालचाल परके डोळे तपासत असतात, त्याच्या प्रतिनिधीला सैल होण्याची मुभा नसते. पुढे ७ जानेवारी १९५५ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिली कृष्णवर्णीय गायिका म्हणून त्यांनी पाऊल टाकले, तेव्हा वयाची सत्तावन्न वर्षे उलटली होती. गळ्याचा ऐन बहराचा काळ दारे बंद असण्यात गेला होता. ॲव्हेडनचे चित्र त्यानंतर सहा महिन्यांच्या आतले. त्यात पुतळा विरघळला आहे.

आता एक गंमत पाहा. आपल्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत, आणि त्यांतले काही गळ्याचे नसून चेहऱ्याचे व अंगाचे आहेत. भयंकर तोंड उघडून गाणारा तो कराली. मान वाकडी करून गाणारा तो वक्री. डोळे मिटून गाणारा तो निमीलक. ह्या यादीने अँडरसनबाईंची परीक्षा केली तर त्या निमीलक निश्चित ठरतील, आणि परीक्षक कडक असेल तर करालीच्याही जवळपास जातील. शास्त्रकाराने हे दोष का मानले असावेत? श्रोत्याचे कान स्वराकडे असताना डोळ्यांना विरोधी काही दिसू नये, हे कारण सहज सुचते. समोर गाणे चालू असताना चेहरा हा व्यत्यय होऊ शकतो. पण छायाचित्रात गाणे नाहीच. तेथे स्वर गेला आहे आणि त्याने चेहऱ्यावर केलेले काम तेवढे मागे राहिले आहे. मैफलीत जो दोष, तोच कागदावर पुरावा होतो. ओहोटीनंतर वाळूवर लाटेची वळणे राहावी तसा तो चेहरा आहे.

लेसिंगने १७६६ साली 'लाओकून'मध्ये ह्याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला होता. शिल्पकाराने किंचाळीचा परमोच्च क्षण निवडू नये. कारण दगडात उघडे तोंड म्हणजे केवळ एक भोक, आणि कळस दाखवला की कल्पनेला पुढे जायला वाट राहत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. अँडरसनबाईंचे ओठ ह्या कसोटीला उतरतात. तो कळसाचा क्षण नाही. ओठांचा गोल लहान आहे. स्वर आता सुटला की आता मावळतो आहे हे सांगता येत नाही. पाहणाराच मनात तो स्वर लावतो आणि मनातच तो संपवतो. बोलावे तेवढे बोलून थांबण्याचा हा संयम छायाचित्रकाराचा आहे.

पण केसांचे काय? बंद खोलीत केस आपोआप उडत नाहीत. वारा तरी आणलेला असणार किंवा मान तरी झटक्यात वळलेली असणार. म्हणजे येथेही योजना आहेच. मग सिगार काढून घेणाऱ्या कार्शला एक न्याय आणि ॲव्हेडनला दुसरा का? माझे उत्तर असे आहे. येथे योजना आहे, परंतु फसवणूक नाही. बाईंना ठाऊक आहे की समोर कॅमेरा आहे. त्यांनी डोळे मिटले ते तो कॅमेरा ठाऊक असूनच. त्यांना असावध गाठलेले नाही. सोळा वर्षांपूर्वी ज्या नजरांपुढे त्यांना ताठ उभे राहावे लागले त्या नजरांना येथे त्या उत्तरही देत नाहीत आणि दारही लावून घेत नाहीत. त्यांना सरळ विसरतात. मोकळेपणा हिसकावून घेतला तर तो अपमान होतो. तो स्वतः देण्यात मोठेपणा आहे. चित्र तेच राहिले तरी त्याचे नैतिक मोल ह्यावर ठरते.

अर्थात स्टुडिओ हा शब्द संगीतकाराच्या तोंडी आला की त्याला दुसराही अर्थ असतो: ध्वनिमुद्रणाची खोली. तेथे काढलेल्या छायाचित्रांचा सर्वांत समृद्ध संग्रह फ्रान्सिस वुल्फ ह्यांचा. हा बर्लिनचा छायाचित्रकार, ज्यू. १९३९ साली नाझींच्या तावडीतून निसटून न्यूयॉर्कला पोचला. त्याचा तरुणपणापासूनचा स्नेही आल्फ्रेड लायन ह्याने त्याच वर्षी 'ब्लू नोट' ही जॅझ संगीताच्या तबकड्या काढणारी कंपनी सुरू केली होती. दोघे मिळून ती चालवू लागले. पुढे त्यांचे ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी रुडी व्हॅन गेल्डर ह्याच्या घरी होऊ लागले. हा गृहस्थ दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर देई, आणि आई-वडिलांच्या घरातली बैठकीची खोली त्याने ध्वनिमुद्रणासाठी सजवली होती. अशा खोलीत एका हातात रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि दुसऱ्या हातात दूर धरलेला फ्लॅशचा दिवा घेऊन वुल्फ वादकांमध्ये वावरत असे. बाजूने येणाऱ्या त्या एकाच प्रकाशात चेहरा उजळे आणि मागची खोली काळोखात बुडून जाई.

जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन' ह्या तबकडीचे वेष्टन अनेकांनी पाहिले असेल. १५ सप्टेंबर १९५७ रोजी ती ध्वनिमुद्रित झाली. वेष्टनावर कोल्ट्रेन वाजवीत नाही. हात ओठांशी आहे, नजर खाली आहे. नुकतेच काय वाजवले किंवा आता काय वाजवायचे ह्या विचारात तो गढलेला आहे. वुल्फची कित्येक चित्रे अशी दोन वादनांच्या मधल्या वेळातली आहेत. कोणी दुसऱ्याचे वाजवणे ऐकतो आहे, कोणी कागदावरचे स्वर पाहतो आहे, कोणी सिगारेटच्या धुरात नुसताच बसला आहे. गवई गाताना कसा दिसतो हे आपल्याला ठाऊक असते. तो ऐकताना कसा दिसतो हे फार थोड्यांनी दाखवले आहे. संगीताचा निम्मा भाग ऐकण्याचा असतो हे वुल्फला कळले होते.

हे त्याला का साधले? शाळेत निरीक्षक येऊन मागच्या बाकावर बसले की वर्ग एकदम आदर्श होतो. पहिला तास असा जातो. निरीक्षक महिनाभर रोज येऊन बसू लागले तर मुले त्यांना विसरतील आणि वर्ग पुन्हा वर्गासारखा होईल. वुल्फ हा रोज येणारा माणूस होता. नव्हे, घरचाच माणूस होता. त्याची कंपनी वादकांना तालमींचेदेखील पैसे देई. समोर काम होते, त्या कामाला वेळेची मर्यादा होती, आणि कॅमेऱ्याकडे लक्ष देण्याइतकी सवड कोणालाच नव्हती. चिमटा नको, थाप नको, उडी नको. काम हीच माणसाला स्वतःचा विसर पाडणारी सर्वांत जुनी युक्ती आहे.

ह्या संदर्भात कार्शचे आणखी एक चित्र लक्षात घेतले पाहिजे; सिगार काढून घेणाऱ्याने जणू केलेले प्रायश्चित्त. १९५४ साली फ्रान्समधील प्राद गावाजवळच्या एका जुन्या मठात त्याने पाब्लो कासाल्सचे छायाचित्र घेतले. कासाल्स चेलोवर बाख वाजवू लागला आणि कार्श भारावून गेला. चेहरे टिपण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या माणसाने मग चित्र काढले ते पाठीमागून. दगडी भिंत, वर उंचावर एक लहान खिडकी, आणि आपल्याकडे पाठ करून बसलेला वादक. पुढे बोस्टनच्या प्रदर्शनात एक वृद्ध गृहस्थ रोज येऊन ह्या चित्रापुढे उभे राहत. कोणीतरी कारण विचारले तेव्हा, आपण संगीत ऐकत आहोत, गप्प राहा, असे त्यांनी दटावले, अशी हकिगत कार्शने नोंदवून ठेवली आहे. चेहरा मिळवण्यासाठी केलेल्या साऱ्या खटाटोपाच्या अखेरीस चेहराच नको, हे शहाणपण फार थोड्यांना सुचते.

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. उत्स्फूर्त क्षण कोणाचा? संगीतकाराचा की छायाचित्रकाराचा? एका बैठकीत पुष्कळ चित्रे निघतात. त्यांतले एक निवडले जाते, बाकीची पेटीत जातात. अँडरसनबाई त्या दिवशी हसल्याही असतील, कंटाळल्याही असतील. जो क्षण राहिला तो राहिला, कारण दुसऱ्या कोणी तो ठेवला. हे नाकारता येणार नाही. पण गवईसुद्धा मैफलीत सुचलेल्या दहा जागांपैकी नऊ गिळतो आणि एक घेतो. निवड ही उत्स्फूर्ततेची शत्रू नव्हे. पाहायचे ते एवढेच, की निवडणाऱ्याने त्या माणसाच्या कामाशी इमान राखून निवड केली, की आपल्या मनातली गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर चिकटवली.

ही कसोटी आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीची झाली आहे. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांचे फलक चौकाचौकांत लागतात, ते पाहावे. ओळीने गायक-गायिकांचे चेहरे असतात. बहुतेकांचे डोळे मिटलेले, एक हात अधांतरी, चेहऱ्यावर तंद्री. खिशातल्या फोनने प्रत्येक क्षण टिपता येऊ लागल्यावर तंद्री हीच नवी पोज झाली आहे. बालगंधर्वांच्या काळी भूमिकेला भूमिका म्हणत. आज असावधपणाचीही भूमिका वठवली जाते आणि तिला सहजता म्हणतात. निमीलक हा शार्ङ्गदेवाच्या लेखी दोष होता, ॲव्हेडनच्या चित्रात तो पुरावा झाला, आणि आपल्या फलकांवर त्याचा गणवेश झाला आहे.

मग खरे आणि खोटे ओळखायचे कसे? त्याला यंत्र नाही. मात्र एक साधी खूण आहे. तंद्रीची पोज पाहताना आपले लक्ष त्या गायकावर थांबते. 'पाहा, मी कसा रंगलो आहे' असे तो सांगत असतो आणि आपण ते ऐकतो. अँडरसनबाईंचे चित्र, कोल्ट्रेनची खाली वळलेली नजर, कासाल्सची पाठ ह्यांच्यापुढे उभे राहिले की लक्ष त्या माणसाला ओलांडून पुढे जाते. तो जे ऐकतो आहे त्याची आपल्याला तहान लागते. १९५७ साली आशियाच्या दौऱ्यात अँडरसनबाई हिंदुस्थानातही गाऊन गेल्या. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आता विरळाच. पण त्या चित्रापुढे दोन मिनिटे उभा राहणारा माणूस घरी जाऊन त्यांची तबकडी शोधल्यावाचून राहणार नाही. छायाचित्राने गवयाची एवढी सेवा केली तरी पुष्कळ झाली.